सगळ्या पुस्तकांचा चित्रकार

लोक युरोपला जाऊन येतात आणि पुस्तक लिहितात. आमच्या फलटणच्या वाचनालयात अशा पुस्तकांचं एक आख्खं कपाट आहे. त्या सगळ्यांची नोंद मीच केलेली असल्यामुळे मला ठाऊक आहे, की निम्म्या पुस्तकांत थंडी आणि हरवता हरवता सापडलेला पासपोर्ट यापलीकडे फारसं काही नसतं. मी ठाणे, डोंबिवली आणि कल्याण असा तीन दिवसांचा दौरा करून आले. माझ्याजवळ पासपोर्ट नव्हता, पण तीन फॉर्म होते, आणि तेही हरवता हरवता सापडले. तेव्हा लिहायचा हक्क मलाही आहे.

जाण्याचं कारण सांगते. मी सव्वीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी करते. पुस्तक आलं, की ते कुणाचं, कशावरचं आणि कुठे ठेवलं हे अशा रीतीने लिहायचं, की वाचकाला ते परत सापडावं. एवढंच माझं काम. या नोंदींचे नियम असतात आणि आता ते नवे आले आहेत. जुन्या पद्धतीत एका पुस्तकाची एक नोंद असे. नव्या पद्धतीत आधी मूळ कृती, मग तिची भाषांतरं, मग आवृत्त्या आणि सगळ्यात शेवटी आपल्या कपाटातली प्रत, असं निरनिराळं लिहायचं. शिवाय लेखक, भाषांतरकार, चित्रकार अशा प्रत्येक माणसाचं त्या पुस्तकाशी नातं काय, तेही जोडून द्यायचं. आमच्याकडे लग्न जमवताना मुलाच्या आत्याच्या दिरापर्यंत चौकशी करतात, तसाच हा प्रकार आहे.

हे सगळं करायला आपली माणसं तयार आहेत का, असा प्रश्न आमच्या ग्रंथालय संघाच्या समितीला पडला. समितीला प्रश्न पडला की ती फॉर्म काढते. चाळीस प्रश्नांची ‘सज्जता प्रश्नावली’ निघाली. शेवटच्या प्रश्नाला तीन चौकोन होते: पूर्ण सज्ज, अंशतः सज्ज, सज्ज नाही. एकावर खूण करायची. शेरा लिहायला जागा नव्हती. ठाण्याकडच्या तीन वाचनालयांच्या तपासणीसाठी मला निवडलं, कारण आमच्या वाचनालयाच्या फॉर्मवर ‘पूर्ण सज्ज’ ही खूण होती. ती खूण मीच केली होती. पुण्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, प्रमाणपत्र भिंतीवर लागलं होतं, आणि स्वतःच्या हाताने स्वतःला नापास कोण करून घेतो?

समितीचा बेत सोपा होता. ठाण्याचं वाचनालय सज्ज निघालं, की बाकीच्या ठिकाणचं नोंदीचं काम उचलून तिकडे न्यायचं आणि जिथे ‘सज्ज नाही’ अशी खूण होईल तिथली जुनी कार्डांची कपाटं मोडीत काढायची. हे कल्याणला कळलेलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या निर्मला भोईर यांचा फोन आला. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. आमचं कपाट राहणार की जाणार ते तुमच्या कागदावर आहे ना, एवढं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, “जेवून येऊ नका. डबा मी आणते.”

ठाणे

एसटीने मला माजिवड्याला पुलाखाली उतरवलं. आमच्याकडे गाव आलं की आधी शेतं संपतात, मग पेट्रोल पंप लागतो, मग स्टँड. इथे नुसते पुलांवर पूल, आणि त्यांच्या खाली ठाणे सुरू झालं की संपलं हे कळायला मार्ग नाही. रिक्षावाल्याला टेंभी नाका सांगितल्यावर त्याने देवीचं का असं विचारलं. नवरात्राला अजून अवकाश होता. वाचनालयात जायचंय म्हटल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे दयेने पाहिलं आणि नवरात्रात या, असा सल्ला दिला. तेव्हा म्हणे तिथे रिक्षाच जात नाही.

वेळ होता म्हणून मिसळ खाल्ली. आम्ही देशावरची माणसं तिखट खातो अशी आमची एक समजूत आहे. ती पहिल्या तीन घासांत गेली. डोळे पुसायला पिशवीतून रुमाल काढताना फाइलही बाहेर आली आणि तर्रीचा एक मोठा थेंब ठाण्याच्या फॉर्मवर, ‘कर्मचाऱ्यांना नव्या प्रमाणकाची जाण आहे काय’ या प्रश्नावर पडला. शेजारच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, लिंबू लावा. मी लावलं. मग तो प्रश्नच धड वाचता येईना.

वाचनालय पहिल्या मजल्यावर होतं, थंडगार, काचेच्या दारांचं. ग्रंथपाल प्रधान म्हणून एक साठीजवळचे गृहस्थ आहेत. अतिशय शुद्ध बोलतात आणि त्याहून शुद्ध हसतात. त्यांनी शाल आणि नारळ देऊन माझं स्वागत केलं. आमच्याकडे तपासणीला कुणी आलं की आम्ही आधी पंखा बिघडल्याचं सांगतो. इथे आधी फोटो काढला.

मी प्रश्न वाचायला लागले आणि प्रधान ‘होय’ म्हणायला लागले. प्रशिक्षण झालं काय? होय. संगणक आहे काय? होय. अकरावा प्रश्न मी मुद्दाम अर्धाच वाचला, त्यालाही होय. चाळीस प्रश्न बारा मिनिटांत संपले. आता फक्त खूण करायची बाकी होती. पण आल्यासारखी एखादी नोंद बघून जावी असं मला वाटलं, कारण दुसऱ्याच्या नोंदीत चूक सापडली की तालिकाकाराचा, म्हणजे नोंदी करणाऱ्याचा, दिवस चांगला जातो. यात लपवण्यासारखं काही नाही, आम्ही सगळे असेच आहोत.

आमच्या फलटणच्याच एका बाईंचं लोणच्यांचं पुस्तक मी शोधायला सांगितलं. नोंद आली. लेखिका बरोबर, प्रकाशक बरोबर, पानं बरोबर. आणि पडद्याच्या अगदी तळाशी, ‘चित्रकार: दत्ताराम मोकल’. त्या पुस्तकात एकही चित्र नाही. मी ते पाठ होईपर्यंत वाचलंय. म्हटलं, मुखपृष्ठाचा असेल. मग मी सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या नियमांचं पुस्तक काढायला लावलं. चित्रकार, दत्ताराम मोकल. मग शब्दकोश काढला. तिथेही मोकल.

नव्या पद्धतीत एक सोय आहे. माणसाच्या नावावर बोट ठेवलं की त्याचं सगळं काम समोर येतं. मी मोकलांच्या नावावर बोट ठेवलं. यादी सुरू झाली आणि थांबेना. कादंबऱ्या, आरोग्यशास्त्र, आयकराचे कायदे, ‘मधुमेह आणि आपण’. प्रधानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि गंभीरपणे म्हणाले, “फार मोठा कलावंत असला पाहिजे.”

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. प्रशिक्षणात आम्हाला नमुना म्हणून लहान मुलांच्या एका चित्रमय पुस्तकाची नोंद पडद्यावर दाखवली होती. खेकड्याच्या शाळेची गोष्ट होती. शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं, की प्रत्येक वेळी कोरी नोंद करत बसू नका. नमुन्याची नक्कल काढा आणि बदलायचं तेवढं बदला. ठाण्याने नाव बदललं, लेखक बदलला, पानं बदलली. चित्रकाराची ओळ पडद्याच्या खाली राहते, तिथवर कुणी गेलंच नाही. दीड वर्षात वाचनालयातल्या यच्चयावत पुस्तकांना एकाच माणसाने चित्रं काढली.

प्रधान शांत होते. याची नोंद फॉर्ममध्ये कुठे येते, असं त्यांनी विचारलं. मी चाळीसच्या चाळीस प्रश्न परत पाहिले. कुठेच येत नव्हती. मग प्रश्न मिटला, असं म्हणून त्यांनी चहा मागवला. खूण नंतर करते, असं मी सांगितलं. जिना उतरताना मला एकटीलाच हसू येत होतं. शेवटच्या पायरीवर मात्र आठवलं, की त्या प्रशिक्षणाला मीही पहिल्या रांगेत बसले होते. पण हातात नारळ होता, शाल घसरत होती, तेव्हा तो विचार मी तिथेच सोडला.

डोंबिवली

ठाण्याहून डोंबिवलीला कशी गेले ते सांगत नाही. ज्यांनी तो प्रवास केलाय त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांनी केला नाही त्यांना सांगून समजणार नाही.

उतरले माझ्या आतेबहिणीकडे, शैलाकडे. तिचं सासर रत्नागिरीकडचं. त्यामुळे वालाचं बिरडं, सोलकढी आणि घटकाभराने परत चहा. आमच्याकडे पाहुण्याला “अजून घ्या” म्हणतात. शैला विचारत नाही, वाढून मोकळी होते. सकाळी तिच्या सोसायटीपासून शेअर रिक्षाने निघाले आणि उतरल्यावर लक्षात आलं, की फाइल रिक्षातच राहिली. कोपऱ्यावर मी अर्धा तास उभी होते. रिक्षावाला दोन फेऱ्या मारून आला आणि फाइल काढून दिली. त्याने ती वाचलेली होती. सज्जता म्हणजे काय, असं त्याने विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाला, आमचं पण असंच असतं मॅडम, पासिंगच्या दिवशी गाडी एकदम सज्ज असते.

डोंबिवलीच्या वाचनालयात नोंदीचं काम रेश्मा नावाची तिशीतली मुलगी करते. हुशार आहे, भरभर बोलते, आणि खोटं बोलायचा तिला मनापासून कंटाळा आहे. प्रशिक्षणाचं विचारलं तर म्हणाली, “मी गेलेली ना मॅडम, तेव्हा सगळं समजलेलं. घरी आली आणि गेलं.”

मी आता थेट मुद्द्यावरच गेले. एक नोंद उघड म्हटलं. चित्रकार, दत्ताराम मोकल. हे काय, असं विचारलं तर तिला माझ्याच विचारण्याचं नवल वाटलं. मोकल तर सगळ्यांनाच असतो, म्हणाली. तिने नक्कल केलेलीच नव्हती. मेहनती मुलगी, प्रत्येक नोंद कोरीपासून करायची. पण नमुन्यात ते नाव होतं, शिकवणाऱ्या सरांच्या नोंदीतही होतं, तेव्हा पत्रिकेवर गणपती असतो तसं ते नव्या नियमात लागतच असणार, असा तिचा समज झाला. “मला वाटलं कंपल्सरी आहे,” ती म्हणाली. म्हणजे ठाण्याने जे आळसाने केलं ते डोंबिवलीने दीड वर्ष रोज हाताने टाइप करून केलं होतं.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात काउंटरपाशी उभे असलेले एक आजोबा पुढे आले. नवे नियम येणार असं त्यांच्या कानावर गेलं होतं. या नियमांमुळे दिवाळी अंक दिवाळीच्या आधी मिळतील का, एवढंच त्यांना हवं होतं. मी नाही म्हटल्यावर त्यांचा नव्या नियमांमधला रस संपला. फलटण असो की डोंबिवली, वाचक सगळीकडे सारखाच असतो, या विचाराने मला परमुलखात जरा बरं वाटलं.

निघताना रेश्माने सांगितलं, की प्रशिक्षणाच्या टिपणांची झेरॉक्स कल्याणच्या भोईर मॅडमनी तिच्याकडून नेली होती. त्यांना प्रशिक्षणाला पाठवलंच नव्हतं. “त्या फोन करून असले डाऊट विचारतात ना,” ती म्हणाली, “मी फोन उचलायचीच बंद झाली.”

कल्याण

निर्मलाताई सत्तावन्न वर्षांच्या, खाडीकाठच्या आगरी गावातल्या. वडील मिठागरावर होते. बोलतात आपल्यासारखंच, पण मनातलं काही निघालं की गावची बोली येते. वाचनालयाच्या दोन खोल्या. एकीत वर्तमानपत्रं वाचणारे, दुसरीत पुस्तकं आणि ते कपाट. बहात्तर खणांचं, सागवानी, पितळी कड्यांचं. शेजारी देणगीतला संगणक प्लास्टिक पांघरून बसला होता. तो दोन पावसाळ्यांपासून बंद आहे. पण दसऱ्याला दोघांनाही झेंडू मिळतो. संगणकावरचं स्वस्तिक अजून स्वच्छ दिसत होतं.

मी प्रश्न वाचले आणि निर्मलाताई ‘नाही’ म्हणत गेल्या. प्रशिक्षण नाही. संगणक आहे, चालत नाही. प्रमाणपत्र नाही. ठाण्यात बारा मिनिटं लागली होती, इथे नऊ पुरली. मग त्यांनी डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. आमची ज्वारीची भाकरी हात लावला की मोडते. ही रुमालासारखी घडी घालून घेते. जेवता जेवता मी कपाटाचा एक खण ओढला, आणि पुढचे दोन तास फॉर्म कुठे होता मला माहीत नाही.

कार्डांच्या पुढच्या बाजूला नेहमीची नोंद होती, सुवाच्य. पण प्रत्येक कार्डाच्या पाठीवर काहीतरी लिहिलेलं होतं. ही त्या कल्याणच्या वाचनालयाची जुनी रीत. निर्मलाताईंच्या आधीच्या बाईंनी ती घालून दिली आणि यांनी तीस वर्षं चालवली. ‘या लेखिकेचं लग्नाआधीचं लेखन माहेरच्या नावाने आहे, तो खण पाहा.’ ‘पुस्तकावर नाव यजमानांचं, लिहिलं बाईंनी. त्यांनी स्वतः येऊन सांगितलं.’ ‘याच गोष्टीचं दुसरं भाषांतरही आहे, ते जास्त बरं.’ आणि एका रहस्यकथेच्या कार्डावर, ‘शेवटची सोळा पानं नाहीत. शेवट निर्मलाबाईंना विचारावा.’ लोक विचारतात का, असं मी म्हटलं. महिन्यातून एखादा येतो, म्हणाल्या, पण आधी मी त्याला ओळखायला लावते.

नवे नियम ज्या नात्यागोत्यांसाठी आले, ती इथे पेन्सिलीने लिहून ठेवलेली होती. फॉर्ममध्ये मात्र कार्डाच्या पाठीबद्दल एकही प्रश्न नव्हता.

मग त्यांनी झेरॉक्स काढली. सगळीकडे लाल रेघा. त्यांना माझ्याकडून एकाच गोष्टीचं उत्तर हवं होतं. मागे खाडीला पूर आला तेव्हा वाचनालयात पाणी भरलं आणि खालच्या फळीवरची पुस्तकं गेली. पण ती कार्डं त्यांनी काढली नव्हती. प्रत्येकाच्या पाठीवर ‘प्रत पाण्यात गेली, कार्ड ठेवलं आहे’ असं लिहिलं होतं. आजवर प्रत्येक तपासनिसाने त्यांना त्यावरून बोल लावला, की पुस्तक नाही तर कार्ड कशाला. आता नव्या नियमात कृती वेगळी आणि प्रत वेगळी. “मंग प्रत गेली तरी कृती हाय ना, मॅडम?” त्यांनी विचारलं. “तिचं कार्ड मी काढायचं का ठेवायचं?”

पहिल्या रांगेत बसून प्रमाणपत्र घेतलेल्या मला उत्तर देता आलं नाही. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी भाकरीचा मोठा घास घेतला.

विषय बदलायला मी मोकलांचा किस्सा काढला. ठाण्यातला आयकर, डोंबिवलीतलं कंपल्सरी, सगळं रंगवून सांगितलं. निर्मलाताई हसल्या नाहीत. त्यांनी एक खण ओढला आणि एक कार्ड माझ्या हातात दिलं. ‘खेकडोबाची शाळा. लेखिका: शालिनी पाटकर. चित्रं: दत्ताराम मोकल.’ पाठीवर लिहिलं होतं, ‘लेखिका व चित्रकार एकाच शाळेत शिक्षक. मोकल सर आपले सभासद. प्रत पाण्यात गेली, कार्ड ठेवलं आहे.’ मग त्या दाराशी गेल्या आणि वर्तमानपत्रांच्या खोलीकडे बघून म्हणाल्या, “सर, जरा येता का?”

ऐंशीच्या पुढचे, पांढरा सदरा, हातात भिंग. सगळ्या पुस्तकांचा चित्रकार माझ्यासमोर येऊन बसला. ते कल्याणलाच एका शाळेत चित्रकला शिकवत. ठाण्याची बातमी त्यांना एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळली होती. त्याने कौतुकाने फोन केला होता, की सर, तुमची केवढी पुस्तकं आहेत. “मी एकच काढलं, बाई,” ते मला म्हणाले. “बाकीची कोणी काढली?”

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पाटकरबाई केव्हाच गेल्या, छापणाराही गेला. सरांची स्वतःची प्रत शाळेच्या प्रदर्शनातून परत आली नाही. त्यात खाडीचं एक पान आहे, म्हणाले, दोन्ही पानांवर पसरलेलं, त्यात वडिलांची होडी काढलीय. ते ठाण्याला जाऊनही आले होते. तिथे त्यांच्या नावावर हजारो पुस्तकं निघाली, पण ते एक कुणाला सापडेना. डोळ्यांचं आता फार दिवस खरं नाही, एवढं बोलून ते परत वर्तमानपत्राकडे गेले. ते पुस्तक या जगात होतं हे सांगणारा त्या मुलखातला एकमेव कागद माझ्या हातात होता, आणि तो ज्या कपाटातला, ते मोडायचं की नाही हे माझ्या पिशवीतल्या पेनावर होतं.

मी फॉर्म काढला आणि निर्मलाताईंना हळूच म्हटलं, की मी ‘पूर्ण सज्ज’ लिहून टाकते. सगळेच लिहितात. कपाट वाचेल.

“नाय,” त्या म्हणाल्या. “आमी सज्ज नाय. आयुष्यात एक खोटं कार्ड केलं नाय, आता शेवटाला नका करायला लावू. फक्त कपाट मोडू नका, येवढं लिवा.”

शेरा लिहायला जागा नव्हती हे मी आधीच सांगितलंय. मी फॉर्म तसाच पिशवीत ठेवला. मात्र त्याच्या पाठीवर शालिनी पाटकरांचं नाव आणि पुस्तकाचं शीर्षक लिहून घेतलं. पाठीवर लिहायची सवय मला त्या दुपारीच लागली.

परत फलटण

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडलं, झाडून घेतलं, संगणक सुरू केला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते तीन दिवस माझ्या मनात पडलेलंच होतं. मी दत्ताराम मोकल असं टाइप केलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा यादी खाली खाली चालली होती. आमच्या तालुक्याचा इतिहास, शेळीपालन, ज्ञानेश्वरीवरची सगळी प्रवचनं. मी ठाण्याच्या जिन्यात हसले होते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी वाचकांना अनेकदा ऐकवलेली आहे.

मग मी चार फॉर्म समोर घेतले. ठाण्याच्या तर्रीच्या फॉर्मवर ‘सज्ज नाही’ अशी खूण केली. डोंबिवलीवर तीच. कल्याणवर तीच, कारण निर्मलाताईंना खरं हवं होतं. चौथा आमचा, फाइलला ठेवलेली प्रत. त्याच्यावरची माझीच ‘पूर्ण सज्ज’ खूण खोडली. हात दाखवून अवलक्षण ते हेच. जागा नव्हती म्हणून चारही फॉर्मांच्या पाठीवर लिहिलं, की कुणाचं काम कुणाकडे नेण्याआधी ज्याच्याकडे न्यायचं त्याची नोंद उघडून बघावी, आणि कल्याणच्या कपाटाला हात लावू नये, चौघांत खरी तालिका तेवढी एकच आहे.

समितीचं उत्तर महिन्याने आलं, ते आत्ताच सांगून टाकते. अहवालाची दखल घेण्यात आली आहे. काम ठाण्याला नेण्याचा विचार तूर्त स्थगित असून कल्याणचं कपाट तूर्त आहे त्या जागी राहील. सर्व कर्मचाऱ्यांसाठी पुन्हा प्रशिक्षण घेण्यात येईल. शिकवायला तेच सर आहेत. खाली एक ओळ होती, की ठाण्याच्या फॉर्मवरील डागाबाबत खुलासा करावा. मी निर्मलाताईंना फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘तूर्त’ हा सरकारी शब्द माझ्या रिटायरमेंटपर्यंत नक्की पुरतो. त्यांच्या कार्डाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पत्रात नव्हतं. तो मी लेखी पाठवला होता. त्याच्यावर म्हणे उपसमिती बसणार आहे.

पण मला सांगायचंय ते त्याच पहिल्या सकाळचं. खूण करून झाल्यावर मी कल्याणच्या फॉर्मच्या पाठीवरून पाहून ‘शालिनी पाटकर’ असं टाइप केलं. आमच्याकडे असेल अशी आशा नव्हती. एक नोंद आली. खेकडोबाची शाळा, बालविभाग, तळची फळी. मी तिथे जमिनीवर बसून शोधलं. पातळ पुस्तक, दोन जाड कोशांच्या मध्ये दबलेलं. कितीतरी वर्षांत कुणी नेलेलं नव्हतं. मधलं पान उघडलं तर खाडी होती, दोन्ही पानांवर, ओहोटीची, आणि चिखलात तिरकी टेकलेली एक होडी. डोलकाठीवर एक पोर चढून बसलं होतं. मला रडू आलं, का ते नीट सांगता येणार नाही.

पुस्तक कल्याणला पाठवायचं म्हणजे आधी माझ्या नावावर काढायला हवं होतं. त्यासाठी मी त्याची नोंद पूर्ण उघडली. प्रशिक्षणाच्या कितीतरी आधी, जुन्या पद्धतीने केलेली होती ती. केलेलीही मीच. नाव होतं, लेखिका होती, पानं होती, किंमत होती. मी खाली गेले, अगदी पडद्याच्या तळापर्यंत. आमच्या वाचनालयातल्या दीड वर्षाच्या सगळ्या पुस्तकांना मोकल सरांची चित्रं होती. फक्त या एका पुस्तकापुढे चित्रकाराची जागा रिकामी होती.

मी नाव टाइप केलं. संगणकाने विचारलं, या नावाची व्यक्ती आधीच नोंदलेली आहे, तिचं या पुस्तकाशी नातं जोडायचं का? तीन दिवसांत मी पिशवीभर ‘होय’ गोळा करून आणले होते. खरा हा एवढाच होता. मी तो दाबला आणि पुस्तक कागदात बांधायला घेतलं.